चुकीच्या ओढ्यातला मासा

पिसे, लोकर आणि रेशमी धागा गळाभोवती गुंडाळून किडा बनवायचा आणि तो पाण्यावर अलगद टाकून मासा फसवायचा, ही विद्या पाश्चात्त्यांत फार जुनी. मराठीत माशी आणि मासा यांत अंतर एवढेसेच. तिकडे त्या अंतरावर कपाटे भरतील इतके ग्रंथ झाले आहेत. त्यांत मोठ्या नद्यांतल्या मोठ्या माशांचा दरारा फार. माझा ओढा मात्र ओढ्यांकडे! उडी मारून ओलांडावा असा प्रवाह, आखूड काठी आणि वीतभर मासा.

अशाच एका माशाची ही हकिकत. कोलोरॅडोतला ‘ग्रीनबॅक कटथ्रोट’ हा ट्राउट. जबड्याखाली गळा चिरल्यासारखी तांबडी रेघ, शेपटीकडे ठसठशीत काळे ठिपके. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा पूर्वेला जाते, सावित्री पश्चिमेला. तसेच रॉकी पर्वताच्या माथ्यावर पाणी दुभंगते, आणि दोन्ही अंगांचे कटथ्रोट भाऊबंद असले तरी एक नव्हेत. ग्रीनबॅक पूर्वेकडच्या साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातला. १८५९ च्या सुमारास तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली. खाणींनी पाणी नासले, माणसांनी मासे ओरबाडले आणि रिकाम्या झालेल्या ओढ्यांत परके ट्राउट आणून सोडले. १९३७ साली ग्रीनबॅक नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

पुढे काही दुर्गम ओढ्यांत तो सापडल्याचे वाटले. आनंदीआनंद झाला. पिल्ले वाढवली, ठिकठिकाणी सोडली. १९९४ मध्ये त्याला राज्यमत्स्याचा मान मिळाला. हौशी लोक डोंगर चढून जात, खोट्या माशीवर त्याला धरत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत.

२०१२ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी संग्रहालयांतल्या बरण्या उघडल्या. १८५७ ते १८८९ या काळात धरलेले मासे त्यांत जपलेले होते. मला कौतुक वाटते ते या बरण्या भरणाऱ्यांचे. आपण कशाचा पुरावा ठेवतो आहोत याची त्यांना कल्पनाही नसेल. त्या मृत माशांची आनुवंशिक द्रव्ये जिवंत माशांशी ताडून पाहिली, तेव्हा इतकी वर्षे ग्रीनबॅक म्हणून जोपासलेले बहुतेक मासे निराळ्याच वंशाचे निघाले. खरा ग्रीनबॅक उरला होता एकाच ठिकाणी, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकच्या चारेक मैलांत. आणि हा ओढा साउथ प्लॅटचा नव्हेच. तो आर्कान्सॉ नदीच्या खोऱ्यातला!

मग मासा तिथे पोहोचला कसा? पाइक्स पीक शिखराच्या वाटेवर प्रवासी यावेत म्हणून जोसेफ जोन्स नावाच्या हॉटेलवाल्याने १८८० च्या दशकात तिथे मासे आणून सोडले होते. पाहुण्यांच्या करमणुकीखेरीज त्याचा हेतू दिसत नाही. परक्या माशांनी इतरत्र जो घात केला, त्याचे मूळ याच हौसेत. पण या एका ओढ्यात तिने एक वंश राखला.

बेअर क्रीकमध्ये गळ टाकायला बंदी झाली. तिथल्या माशांची संतती २०१४ मध्ये झिमरमन सरोवरात सोडली, पुढे हर्मन गल्च या ओढ्यातही. ही दोन्ही पाणी साउथ प्लॅटच्या खोऱ्यातली. हर्मन गल्चमध्ये ग्रीनबॅकची आपसूक वीण होऊ लागल्याचे २०२२ च्या सप्टेंबरात जाहीर झाले.