शालोम, सलाम आणि हाथबोशी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत स्काऊटचा तास चालू होता. डाव्या हाताने हात मिळवायची वेळ आली तेव्हा सातवीतला एक मुलगा थबकला. "सर, मुसाफा तर उजव्या हाताने करतात ना?"

"बेटा, हा स्काऊटचा रिवाज आहे," असं सांगून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. अभिवादन बदललं की माणूस बदलतो का?

मला आठवले आपले बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' नाव दिलं. त्यांच्या मलिद्यात पोहे, खोबरं, साखर असते आणि एलियाहू हन्नाबींचं स्मरण होतं. कुरआनात हेच हजरत इलियास. मलिदा तर आपल्या दर्ग्यांवरही वाटतात.

त्यांच्या सिनेगॉगमध्ये 'हाथबोशी' होती. शब्द आपल्या दस्तबोसीचा सख्खा भाऊ. आधी धर्मगुरू जवळच्या बुजुर्गांचे हात हाती घेत, मग प्रत्येकजण आपल्याहून मोठ्याकडे जाई. हात सुटले की आपलीच बोटं ओठांना लावायची. अशी ती शांती थोरांकडून लहानांपर्यंत पोहोचे.

1929 मध्ये लंडनला 'हबोनिम', म्हणजे 'बांधणारे', ही यहुदी युवक चळवळ सुरू झाली. तिची घडण स्काऊटसारखी: गट, गणवेश, शिबिरं, शेकोटीची गाणी, झेंड्यासमोरची हजेरी. पुढे ती मुंबईतही आली. तिचं घोषवाक्य होतं 'आले उव्ने', म्हणजे 'वर चढ आणि बांध'. वर चढायचं ते इस्रायलच्या भूमीकडे.

बघा, हाथबोशी शेजारच्या बुजुर्गाकडे वळवत होती, तर हे घोषवाक्य समुद्रापलीकडे. 1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल तिकडे गेले. त्याच भूमीतून लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले, हे दुःख आपण विसरू शकत नाही. पण इकडे कोकणातल्या गावांनीही आपली माणसं गमावली. तिकडे गेलेल्यांनी मलिदा आणि मराठी जपली, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "स्काऊटमध्ये डावा हात खुशाल दे. घरी दादांना उजव्या हाताने मुसाफा करायला विसरू नकोस, म्हणजे झालं."

तो हसला आणि म्हणाला, "सर, दादा तर दोन्ही हात धरतात."