डॉल्फिनची आई आणि पिल्लू : या नात्याच्या ओळखीचा इतिहास

डॉल्फिनची मादी पिल्लाला जन्म देते आणि त्याला दूध पाजते, ही नोंद ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात केली. गर्भारपण दहा महिन्यांचे असते आणि पिल्ले बराच काळ आईसोबत राहतात, असेही त्याने लिहिले. बाटलीनाक्या डॉल्फिनचे गर्भारपण प्रत्यक्षात सुमारे बारा महिन्यांचे असते, पण किनाऱ्यावरून केलेल्या निरीक्षणाच्या मानाने हा अंदाज फार जवळचा होता. त्याच्या ग्रंथात एक प्रसंगही आहे. एक लहान मेलेला डॉल्फिन बुडू लागला, तेव्हा दोन डॉल्फिन त्याच्याखाली शिरून त्याला पाठीवर उचलून धरत होते. हिंस्र माशांनी ते शरीर खाऊ नये म्हणून त्यांची ही धडपड चालली होती, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. पुढच्या दोन हजारांहून अधिक वर्षांत या ज्ञानात मोलाची भर फारशी पडली नाही. डॉल्फिनचे मायलेकरांचे जगणे पाण्याखाली घडते, आणि माणूस ते वरून पाहत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात केप हॅटरासच्या किनाऱ्यावर डॉल्फिनची मासेमारी जोरात होती. कळप किनाऱ्याजवळ आला की जाळी लावून तो अडवायचा, चरबीचे तेल काढायचे, कातडी विकायची, असा तो धंदा होता. जबड्यातले उंची तेल घड्याळांना घालण्यासाठी चढ्या भावाने जाई. १९१३ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयाचे संचालक चार्ल्स टाउनसेंड यांनी याच ठिकाणचे काही डॉल्फिन जिवंत नेऊन हौदात ठेवले. ते दोन वर्षेही जगले नाहीत, आणि मायलेकरांचे जगणे माणसाला अजून दिसलेच नव्हते.

खरा बदल घडला तो फ्लोरिडात, आणि तोही सिनेमामुळे. सेंट ऑगस्टीन शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी २३ जून १९३८ रोजी ‘मरीन स्टुडिओज’ खुले झाले. पुढे ते ‘मरीनलँड’ या नावाने ओळखले जाऊ लागले. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट व्हिटनी, डग्लस बर्डन आणि लिओ टॉलस्टॉय यांचे नातू इल्या टॉलस्टॉय हे त्याच्या संस्थापकांपैकी होते. पाण्याखालची दृश्ये चित्रित करता यावीत म्हणून दोन प्रचंड हौद बांधले आणि त्यांच्या भिंतींना पाण्याच्या पातळीखाली ओळीने खिडक्या ठेवल्या. या खिडक्या कॅमेऱ्यासाठी होत्या. पण त्यांच्यापाशी बसून माणसाला पहिल्यांदाच डॉल्फिनचे बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता आले, आणि या जागेचे मोठेपण त्यातच आहे.

फेब्रुवारी १९४७ मध्ये मोना नावाच्या मादीला स्प्रे ही पिल्ली झाली. बंदिवासात गर्भ राहून जन्मलेली आणि जगलेली ही पहिली डॉल्फिन. मरीनलँडचे अभिरक्षक आर्थर मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी या काळातल्या जन्मांची बारकाईने टिपणे ठेवली. गर्भारपण, प्रसूती आणि नंतरचे वर्तन यांवर मॅकब्राइड व क्रिट्झलर यांचा लेख १९५१ मध्ये आला. मार्गारेट टॅव्होल्गा आणि फ्रँक एसापियन यांचा अधिक सविस्तर अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या टिपणांतून दिसलेले चित्र आजही थक्क करते. पिल्लू बहुतेक वेळा शेपटीकडून बाहेर येते. त्याचा पाठीवरचा पर मऊ आणि दुमडलेला असतो, अंगावर गर्भाशयातल्या घड्यांच्या फिकट रेषा असतात. आई झटक्याने वळते आणि नाळ तुटते. नवजात पिल्लू श्वासासाठी पृष्ठभागाकडे झेपावते. आईच त्याला वर ढकलते, अशी जुनी समजूत होती. खिडकीतून दिसले ते असे की धडधाकट पिल्लू बहुधा स्वतःच वर जाते आणि आई त्याला खेटून असते. पिल्लू निपचित असेल, तर मात्र ती त्याला उचलत राहते, ते मेल्यावरही. ॲरिस्टॉटलच्या प्रसंगाला अशी पुष्टी मिळाली. कळपातली दुसरी एखादी मादीही मावशीसारखी पिल्लाच्या दुसऱ्या बाजूने पोहते.

दूध पाजण्याची रीत तर खास पाण्यासाठीच घडलेली आहे. आईच्या पोटाच्या मागच्या भागात दोन फटींमध्ये स्तनाग्रे दडलेली असतात. पिल्लू जिभेची पन्हळ करून स्तनाग्र पकडते आणि आई स्नायू आवळून घट्ट, स्निग्ध दूध त्याच्या तोंडात सोडते. एक पाजणी काही सेकंदांत आटोपते, म्हणून ती दिवसरात्र पुन्हा पुन्हा होते. आई पोहायची थांबत नाही. पिल्लू तिच्या कुशीशी विशिष्ट जागा धरते. आईच्या शरीरामुळे पाण्यात जो प्रवाह तयार होतो, त्यावर ते ओढले जाते आणि स्वतःच्या बळाने जमला नसता असा वेग त्याला मिळतो. म्हणजे आईजवळ असणे ही त्या पिल्लाची पोहण्याचीच सोय असते. २००५ मधल्या एका अभ्यासात असेही आढळले की जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात माय आणि पिल्लू दोघेही जवळपास अखंड हालचाल करत राहतात. नेहमीची विश्रांती त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही.

आवाजाचा धागा १९६५ मध्ये उलगडला. मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने दाखवले की प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी असते आणि ती त्याची ओळख ठरते. ताटातूट झालेली मायलेकरे याच शिळांनी एकमेकांना शोधतात.

हे सगळे कळत होते त्याच वर्षांत पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागात या नात्याची सर्वांत मोठी हानी चालू होती. तिथे पिवळ्या पराचा कुपा (टुना) मासा डॉल्फिनच्या कळपांखाली पोहतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तो पकडण्यासाठी वेगवान होड्यांनी डॉल्फिनचा पाठलाग करून भोवती प्रचंड जाळे टाकण्याची पद्धत रूढ झाली. तीत मेलेल्या डॉल्फिनची संख्या साठ लाखांहून अधिक असावी, असा अंदाज आहे. यातला सर्वांत क्लेशकारक तपशील उशिरा उजेडात आला. जाळ्यात मेलेल्या दूध पाजणाऱ्या ठिपकेदार डॉल्फिन माद्यांपैकी तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त जणींजवळ पिल्लूच नव्हते. लांबलेल्या पाठलागात पिल्ले मागे पडली होती, आणि आईविना त्यांचे जगणे अशक्य होते. मोजदादीत ती कधी आलीच नाहीत. जाळ्यातले मृत्यू पुढे फार कमी झाले, तरी कळप अपेक्षेप्रमाणे सावरले नाहीत. त्याच्या संभाव्य कारणांत ही ताटातूट गणली जाते.

अमेरिकेत १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो बऱ्याच अंशी या मृत्यूंवरच्या संतापातून. १९९२ च्या दुरुस्तीने किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांच्या बचावाची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. पकडून नेण्याच्या कौशल्याचा उपयोग आता सोडवण्यासाठी होऊ लागला. १९७० पासून फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात चाललेल्या अभ्यासाने या कामाला पाया दिला. पिल्लू तीन ते सहा वर्षे आईजवळ राहते आणि तेवढ्या काळात शिकार, वाटा, धोके शिकते, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले. म्हणून मासेमारीच्या दोरीत अडकलेले दूधपिते पिल्लू सोडवताना आईलाही शक्यतो त्याच जाळ्यात घेऊन शेजारी धरतात आणि दोघांना एकत्र सोडतात.

आई नसेल तर काय होते, ते फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर खाडीत डिसेंबर २०१० मध्ये दिसले. मेलेल्या आईचे दूध पिण्याचा प्रयत्न करणारी एक लहानगी पिल्ली बचावपथकाला सापडली. क्लिअरवॉटर सागरी मत्स्यालयात ती वाढली आणि तिला ‘होप’ हे नाव मिळाले. शिकार शिकवणारी आई गेल्याने तिला पुन्हा समुद्रात सोडता आले नाही. अशा पिल्लांना आसरा देणे आणि दाखवण्यासाठी डॉल्फिन बाळगणे यांतला फरक दरम्यान अनेक देशांनी ओळखला. भारतात २०१३ मध्ये डॉल्फिनारियमना परवानगी न देण्याची भूमिका केंद्राने घेतली.

सारासोटाच्या अभ्यासात तपासणीसाठी मायलेकरांना थोडा वेळ पकडून शेजारी धरले असताना आईच्या शिळा अनेक दशके ध्वनिमुद्रित होत होत्या. २०२३ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. पिल्लू जवळ असताना अभ्यासातल्या एकोणीसही माद्यांची ओळखीची शीळ अधिक उंच पट्टीत जात होती आणि तिचा स्वरविस्तार वाढत होता.