मिसिसिपीतील काउंटी न्यायालयांची फौजदारी दप्तरे

१. एमेट टिल खटल्याचे कागद एका कचेरीत मिळत नाहीत. एमेट या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला २८ ऑगस्ट १९५५ रोजी लेफ्लोर काउंटीतल्या मनी गावातून पळवून नेले. खुनाचा खटला मात्र शेजारच्या टॅलाहॅची काउंटीत चालला. म्हणून अपहरणाचे दप्तर लेफ्लोरचे मुख्यालय असलेल्या ग्रीनवुडला शोधायचे, खुनाचे टॅलाहॅचीतल्या समनरला. मिसिसिपीत गंभीर गुन्ह्यांची कागदपत्रे सर्किट क्लर्ककडे असतात. जमिनीचे दस्त चान्सरी क्लर्ककडे. टॅलाहॅचीला चार्ल्सटन आणि समनर अशी दोन मुख्यालये असल्याने अर्ज योग्य ठिकाणी करणे महत्त्वाचे. अर्जात आरोपीचे नाव, वर्ष आणि आरोप लिहावा. खटला क्रमांक ठाऊक असेल तर तोही द्यावा. प्रमाणित नक्कल हवी असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. ‘सापडत नाही’ हे उत्तर अंतिम मानू नये. या खटल्याचे अनेक दशके बेपत्ता असलेले न्यायालयीन कामकाजाचे टिपण २००४ मध्ये पुन्हा उघडलेल्या एफबीआय तपासात हाती आले. खटल्यातील एका आरोपीच्या पत्नी कॅरोलिन ब्रायंट यांच्यावरचे १९५५चे, कधीच न बजावलेले अटक वॉरंट २०२२ मध्ये ग्रीनवुडच्या न्यायालयाच्या तळघरातल्या खोक्यात सापडले. न्यायासाठी झगडणाऱ्यांनी चिकाटीने शोध घेतला, म्हणूनच ते उजेडात आले. — संपादक