घरघर गेली, खरखर आली

एक प्रयोग करून बघा. बॅटरीवरचा एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि चालू अ‍ॅडॉप्टरजवळ न्या. बहुतेकदा खरखर ऐकू येईल. तिच्यामागे एक झकास गोष्ट आहे.

१९७० च्या दशकात बहुतेक उपकरणांत 'लिनियर' सप्लाय असायचा. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि पुढे रेग्युलेटर. हा नको असलेले व्होल्ट सरळ उष्णता करून घालवणार! मग त्याला थंड करायला पंखा. स्टीव्ह जॉब्जला अ‍ॅपल टू मध्ये पंख्याची घरघर नको होती. अटारीत काम करणाऱ्या रॉड होल्टला गाठलं, आणि १९७७ साली अ‍ॅपल टू आला तो स्विचिंग सप्लाय घेऊन. (तंत्र नवीन नव्हतं बरं का! उपग्रहांत ते १९६० च्या दशकातच होतं.)

हा सप्लाय जास्तीची वीज जाळत नाही, तिचे तुकडे करतो. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, म्हणून छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पण दर वेळी व्होल्टेज झटक्यात उडी मारतं, आणि त्या उडीतून मूळ फ्रिक्वेन्सीच्या कितीतरी पट हार्मोनिक्स निघतात, थेट मेगाहर्ट्झपर्यंत. एएमचा पट्टा नेमका वाटेत! थोडक्यात, मालकाच्या कानाचा त्रास गेला आणि शेजाऱ्याच्या रेडिओला लागला.

मग कायदा आला. अमेरिकेच्या एफसीसीने १९७९ साली खास कॉम्प्युटरसाठी नियम केले. घरगुती यंत्रांना ऑफिसातल्यांपेक्षा कडक मर्यादा, कारण घराला शेजार असतो. नियम अख्ख्या यंत्राला होते, नुसत्या सप्लायला नाही. टीआरएस-८० मॉडेल वन त्यांच्यापायीच १९८१ च्या सुरुवातीला बंद झालं.

खरखरीचा चोर पकडायची माझी पद्धत साधी आहे. रेडिओ चालू ठेवून एकेक अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढायचा. थांबली की सापडला! मग वायरीवर फेराइटचा कडा चढवायचा. फरक पडला तर खरखर वायरीतून बाहेर पडत होती. काही केबल्सवर दिसणारी ती जाड गाठ म्हणजे हेच फेराइट.

आणि दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या मेटल बॉडीला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात ना? ट्रान्सफॉर्मर ओलांडून आलेल्या खरखरीला परत जायला जवळची वाट मिळावी म्हणून आत एक कपॅसिटर असतो. त्यातूनच मेन्सचा किंचित करंटही झिरपतो. म्हणजे शेजाऱ्याच्या शांततेचा थोडा भार आपल्या बोटांवर!

अतिस्वस्त चार्जरमध्ये हे फिल्टरचे भाग सर्रास गाळलेले असतात. चार्जिंग व्यवस्थित होतं, त्यामुळे घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही. वाचलेले पैसे आपले, खरखर शेजाऱ्याची. असो. पुढचा चार्जर घेताना एवढं लक्षात ठेवा.