ठिणगीची वेळ

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा वेगाचा आणि ऐषआरामाचा इतिहास लिहितात. मला त्यात मौज वाटते ती एका लहानशा दांडीची. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने 'टी' जातीच्या दीड कोटी गाड्या बाहेर काढल्या, आणि त्यांच्या स्टिअरिंग चाकाखाली डाव्या हाताला ही दांडी असे. इंजिनात ठिणगी केव्हा पडायची, हे चालवणाराने तिने ठरवायचे!

पेट्रोलची वाफ पेटून जोर धरायला थोडा वेळ लागतोच. म्हणून इंजिन वेगात असेल, तर दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पडली पाहिजे. पण हँडल मारून गाडी सुरू करताना दट्ट्या संथ चालतो. तेव्हा ठिणगी आधी पडली, की तो मागे फेकला जातो आणि हँडल उलटे फिरून मनगटावर बसते. दांडी वर सारायला विसरणाऱ्या कितीकांची हाडे अशी मोडली.

या दुखण्यावर औषध काढले चार्ल्स केटरिंगने. कॉलेजात जाण्यापूर्वी हा गृहस्थ ओहायोतल्या खेड्यात मास्तर होता, हे मी अभिमानाने नमूद करतो! बॅटरीवर ठिणगी पाडण्याची त्याची योजना १९०९ साली कॅडिलॅकने घेतली, आणि १९१२ च्या गाडीत त्याचा विजेचा स्टार्टर आला. श्रीमंतांची मनगटे तेवढी वाचली. फोर्डवाल्यांना १९१९ पर्यंत थांबावे लागले.

१९२७ अखेर आलेल्या फोर्डच्या 'ए' गाडीत डिस्ट्रिब्यूटर होता, पण दांडीही कायम होती. त्याची वेळ लावण्याची रीत मला फार आवडते. दांडी पूर्ण वर सारायची. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पॉइंटमधले अंतर एका इंचाच्या सुमारे वीस हजारांश करायचे. इंजिनाच्या पुढच्या झाकणावर एक स्क्रू असतो; तो काढून उलटा खुपसायचा आणि हँडल हळूहळू फिरवायचे. पहिला दट्ट्या माथ्यावर आला, की स्क्रूचे टोक आतल्या दातेरी चाकाच्या खळगीत टपकन बसते. दट्ट्या दर दोन फेऱ्यांत दोनदा माथ्यावर येतो; त्यांतला ठिणगीचा कोणता, हा संशयच उरत नाही, कारण हे चाक क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. मग कॅमचा स्क्रू सैल करून रोटर पहिल्या प्लगच्या टोकासमोर आणायचा, आणि पॉइंट नेमके उघडू लागतात तिथे स्क्रू आवळायचा. पुढे रोटर टपालवाल्यासारखा एक, दोन, चार, तीन या क्रमाने ठिणगी पोचवीत राहतो. (पुढचा स्क्रू मात्र आठवणीने पुन्हा सुलटा बसवावा!) दिव्याची, यंत्राची काही गरज नाही, बोटाला कळते.

१९३२ च्या व्ही-८ फोर्डमध्ये हे काम वेगाबरोबर आपोआप पसरणाऱ्या वजनांकडे गेले, आणि दांडी नाहीशी झाली. 'ए' गाड्या जपणारे लोक मात्र आजही चढणीवर इंजिन ठणठणू लागले, की डाव्या हाताने ती हळूच वर सारतात.