पाचशे रत्तल गवत

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या एचआरचा मेल आला होता. एक दिवसाचा पगार कोविड फंडाला द्या, तेवढीच भर कंपनी घालेल. मी लगेच 'येस' क्लिक केलं, बरंही वाटलं. कँटीनमधल्या कंत्राटी पोरांचा पगार त्याच महिन्यात थांबला होता, हे फार नंतर कळलं.

आठवलं ते गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचताना. डहाणू म्हणजे आपल्याला चिकू, बीच आणि वारली पेंटिंगवाले कॉफी मग.. संपलं! (मीही त्यातलाच.)

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जगभर टंचाई, महागाई. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या गवताला आणि लाकडाला गिऱ्हाईक होतं, पण ते कापणारा वारली जमीनदाराकडे वेठीला. 'लग्नगडी' हा प्रकार तर वाचवत नाही. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही मालकाची.

२३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले. ठरलं, यापुढे वेठ नाही. पावसाळ्यानंतर त्यांनी गवतकापणीचा दर मागितला, ५०० रत्तलांना अडीच रुपये. रत्तल म्हणजे पौंड. म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर गवत विळ्याने कापायचं, तेव्हा अडीच रुपये. मागणी एवढीच! महायुद्ध संपून जेमतेम महिना झाला होता, आणि ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला. रोजाला सवा रुपया हवा होता. लाकडाचे व्यापारी आधी हटूनच बसले. पण कुऱ्हाडी महिन्याहून जास्त थांबल्या, तेव्हा नोव्हेंबर १९४६ मध्ये त्यांच्या संघटनेने करार केला. म्हणजे परवडत होतं तर!

आता आपल्याकडे सीएसआर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे. मार्च २०२० मध्ये सरकारने कोविडवरचा खर्चही त्यात धरला. चांगलंच झालं, त्यातून कुठे तरी व्हेंटिलेटर आले असतील. पण ते दोन टक्के मोजले जातात नफा झाल्यावर. कँटीनवाल्याचा पगार त्याच्या आधीच्या ओळीत कापला जातो, आणि तिथे कलम १३५ पोचत नाही.

असो. त्या पोरांपैकी एक जण तलासरीकडचा होता, एवढं मला माहीत होतं. नाव कधी विचारलं नाही.