एक गोळा, एक गाडी

बरेच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. तो संगणकाच्या कर्नेलवर काम करतो. म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यात बसून, कुठल्या प्रोग्रॅमला मेमरीचा कोणता तुकडा द्यायचा हे ठरवणारा जो कारभारी असतो, त्याच्या दुरुस्त्या करतो. "आबा, आमच्याकडे रेस कंडिशन नावाची भानगड असते," असे म्हणून तो समजावत गेला आणि मला मात्र अकोट स्टेशन आठवत गेले.

अकोला-खंडवा ही मीटरगेजची एकेरी लाइन होती. तिच्यावरून प्रवास केलेल्यांना ते वेताचे मोठे कडे आठवत असेल. त्याला एक पिशवी आणि पिशवीत धातूचा गोळा. यालाच नील्स बॉल टोकन म्हणत. शेजारच्या दोन स्टेशनांवर तारेने जोडलेली दोन यंत्रे असत. पलीकडच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्याशिवाय गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नसे. ड्रायव्हरच्या हाती गोळा नाही तर गाडी पुढे नाही. समोरासमोर दोन गाड्या येण्याची सोयच ठेवलेली नव्हती! अकोला-अकोट मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. २०२२ साली रुंद रुळांवर गाडी आली, पण ते कडे गेले ते गेलेच.

गंमत म्हणजे संगणकवाल्यांनी ही युक्ती रेल्वेकडूनच उचलली. एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचे डच गणिती होते. १९६२-६३ च्या सुमारास त्यांनी यावर उपाय काढला आणि नाव दिले सेमाफोर, म्हणजे आपला हात वरखाली करणारा सिग्नल. सामायिक जागेत शिरण्यापूर्वी प्रोग्रॅमने सिग्नल मागायचा, मिळाला नाही तर थांबायचे, काम झाले की सोडायचा. मागण्याच्या आणि सोडण्याच्या क्रियांना त्यांनी डच शब्दांवरून पी आणि व्ही ही अक्षरे दिली. ती अजून इंजिनिअरिंगची मुले पाठ करतात.

हे नसले तर काय होते, ते मी संगणक पाहण्याच्या कितीतरी आधी केलेले आहे. जून महिना, प्रवेशाची झुंबड. दाखल-खारीज रजिस्टर एकच आणि टेबले दोन. रजिस्टरातला शेवटचा क्रमांक पाहायचा, पुढचा क्रमांक फॉर्मवर टाकायचा, नोंद संध्याकाळी करायची. मी पाहिले, शेवटचा २३१७. शेजारच्या गुरुजींनीही तोच पाहिला. दोघांनी दोन पोरांना २३१८ दिला. दोघांचेही गणित बरोबर! संध्याकाळी मी नोंदी उतरवल्या तेव्हा त्या क्रमांकावर नाव एका फॉर्मवरचे आणि जन्मतारीख दुसऱ्या फॉर्मवरची गेली.

नऊ वर्षांनी तो पोरगा दाखला घेऊन आला. "गुर्जी, हे जन्मतारीख माही नोय." कागदावर तो अकरा महिन्यांनी मोठा झाला होता आणि भरतीच्या वयात बसत नव्हता. तारीख दुरुस्त होईपर्यंत भरती होऊन गेली. अक्षर माझेच होते.

नातवाला हे सांगितले तर तो म्हणाला, "आबा, ही तर आमची गाय!" २०१६ साली लिनक्सच्या मेमरी-व्यवस्थेत सापडलेल्या चुकीला डर्टी काऊ म्हणतात. दोन प्रोग्रॅम एकच पान वाचत असले तर कर्नेल उगाच दोन प्रती काढत नाही. कोणी लिहायला गेला तरच त्याला वेगळी प्रत देतो. याला कॉपी ऑन राइट म्हणतात, आद्याक्षरांची गाय होते. चूक अशी की, प्रत काढून झाली की कर्नेल "याला लिहायचे आहे" ही खूण पुसून टाकी. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या बाजूने ती प्रत फेकून दिली, तर कर्नेल पुन्हा पाहायला जाई, मूळ पान हाती येई, आणि लिखाण थेट मूळ पानावर होई. फक्त वाचण्याची परवानगी असलेला साधा माणूस असे करून सगळ्या यंत्राचा मालक होऊ शके. पाहणे आणि लिहिणे यांच्यामधली फट, दुसरे काही नाही. २००७ पासून ती तिथे होती. खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याआधीच या प्रकारावर एक उपाय करून पाहिला होता, पण तो दुसऱ्या एका जातीच्या यंत्रावर अडचण करू लागला म्हणून मागे घेतला गेला. २०१६ च्या ऑक्टोबरात पक्की दुरुस्ती झाली. खूण पुसण्याऐवजी "प्रत काढली होती" हे लक्षात ठेवायचे आणि ती प्रत अजून आहे का ते तपासायचे.

मग मी विचारले, सगळ्यालाच एक मोठे कुलूप का नाही लावत? तर तेही करून झाले आहे. १९९६ साली लिनक्स एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालू लागला तेव्हा सबंध कर्नेलला एकच कुलूप होते. म्हणजे अकोल्यापासून खंडव्यापर्यंत एकच गोळा! टक्कर होणार नाही, पण बाकीच्या गाड्यांनी दिवसभर उभे राहायचे. ते कुलूप हळूहळू फोडत २०११ साली पूर्ण काढले. मेमरीचे मुख्य कुलूपही असेच दाटीचे झाले होते. २०२३ पासून मेमरीच्या एकेका पट्ट्याला वेगळे कुलूप मिळाले आहे, स्टेशन ते स्टेशन गोळा असावा तसे. असो. पण कुलपे वाढली की नवी पंचाईत होते: हा त्याच्या कुलपासाठी थांबलेला, तो ह्याच्या. नातू सध्या अशाच एका गुंत्यात होता. भाऊबीजेचे ताट समोर आणि हा मोबाइलवर.

तो पोरगा आता अकोटला किराणा दुकान चालवतो. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. मी त्याच्याकडूनच सामान घेतो.